अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या दफ्तरातले कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना 'अस्सल बरहुकूम नक्कल' हा शेरा परिचयाचा असेल. मूळ कागदाशी ताडून पाहिले, ओळ अन् ओळ जुळते, अशी ती ग्वाही. अस्सल कागद कुठेतरी शाबूत आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. पण अस्सलच नाहीसे झाले आणि मागे नुसत्या नकला उरल्या, तर त्या ताडून पाहायच्या कशाशी? मी तैलरंग शिकलो ते अशाच एका चित्राची नक्कल करत. लढाईचे चित्र. चितारी लिओनार्दो दा विंची. आणि हे चित्र आज पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही दाखवता येणार नाही.

शिकवणारे आमचे सर बेळगावातल्या एका बोळात राहत. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवीत, देवनागरी आणि कन्नड दोन्ही अक्षरे सारख्याच वळणदार हाताने काढीत. आणि संध्याकाळी आम्हा चार-पाच पोरांना तैलरंग शिकवीत. आम्हा सगळ्यांना पानिपत काढायचे होते. त्या वयात दुसरे काय सुचणार? सर म्हणाले, "पानिपत काढायला बसलास तर चित्र बाजूला राहील आणि तू रडत बसशील. ज्या लढाईत आपलं कोण नाही, ती घे की." आणि त्यांनी एका जुन्या पुस्तकातून जपून कापून ठेवलेला छापील कागद माझ्यापुढे टाकला. चार घोडेस्वार, एक काठी, घोड्यांच्या पायांत पडलेली माणसे. रंग नाहीच, सगळे करडे-तपकिरी. खाली नाव होते ते लिओनार्दोचे नव्हते, रूबेन्सचे होते. त्याचा उलगडा पुढे होईल.

आधी लढाईची हकीकत. इटलीत त्या काळी एक राजा नव्हता. शहरे हीच राज्ये, आणि ती भाडोत्री सेनापतींकरवी एकमेकांशी लढत. २९ जून १४४० या दिवशी तस्कनीतल्या आंगियारी गावाखालच्या मैदानात मिलानचे सैन्य एका बाजूला, आणि फ्लॉरेन्स, पोप व व्हेनिस यांचे दुसऱ्या बाजूला, अशी गाठ पडली. मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया विस्कोंती. त्याचा सेनापती निक्कोलो पिच्चिनीनो. हा पिच्चिनीनो जवळच्या सानसेपोल्क्रो गावाहून सरळ रस्त्याने चालून आला. संतांच्या सणाचा दिवस, उन्हाळ्याचे दिवस. फ्लॉरेन्सच्या बाजूचे लोक निवांत होते. मिकेलेत्तो आत्तेंदोलो या सरदाराला दूरवर धुळीचा लोट दिसला म्हणून सैन्य वेळेवर उभे राहिले. पुलाच्या तोंडाशी काही तास झटापट चालली आणि अखेर मिलानकर मागे हटले. त्यांची निशाणे फ्लॉरेन्सच्या हाती पडली.

तशी लढाई फार मोठी नव्हे. पण फ्लॉरेन्सच्या लोकांनी ती मनात जपून ठेवली. १४९४ साली मेदिची घराण्याला हाकलून शहर पुन्हा प्रजासत्ताक झाले. मोठ्या पंचायतीच्या बैठकीसाठी सरकारी वाड्यात एक प्रचंड दिवाणखाना बांधला गेला. भिंती कोऱ्या होत्या. तेव्हाचा प्रमुख पिएरो सोदेरिनी याने १५०३ साली एका भिंतीचे काम लिओनार्दोला दिले आणि पुढच्याच वर्षी दुसरे काम तरुण मायकेलअँजेलोला. त्याच्या वाट्याला १३६४ ची पिसाविरुद्धची काशिनाची लढाई आली. लिओनार्दो पन्नाशी ओलांडलेला, मायकेलअँजेलो तिशीच्या आतला, आणि दोघांचे आपसात पटत नसे. जुगलबंदीच ती, फक्त बैठक पुरी झाली नाही.

लिओनार्दोच्या कराराचा कागद शिल्लक आहे, ४ मे १५०४ चा. महिना १५ फ्लोरिन; १५०५ च्या फेब्रुवारीअखेर पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा तयार झाला पाहिजे, नाहीतर घेतलेले पैसे परत. सरकारने त्या माणसाला चांगले ओळखले होते म्हणायचे! सरकारच्या वतीने या कागदाशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो सचिव म्हणजे निक्कोलो मॅकियाव्हेली. हे नाव लक्षात ठेवा.

लिओनार्दोच्या कागदांत या लढाईचे एक टिपण सापडते. अक्षर त्याचे नाही, सरकारी कचेरीतल्या कुणाचे तरी आहे. चित्रात काय काय दाखवावे याची ती जंत्रीच म्हणा: सरदारांची नावे, पथकांची संख्या, सेनापतीचे भाषण, पूल, आणि ढगांतून प्रकट होणारा संत पीटर. कुठल्याही काळातले सरकार चितार्‍याला जे सांगेल तेच. लिओनार्दोच्या मधल्या दृश्यात यातले काही आले नाही. संत नाही, ढग नाहीत, भाषण नाही. उरले काय, तर एका निशाणाच्या काठीसाठी एकमेकांत गुंतलेले चार स्वार.

आता तैलरंगाची गोष्ट. तैलरंग शिकणाऱ्याने ही कहाणी ऐकलीच पाहिजे असे माझे मत आहे. भिंतीवर चित्र काढायची इटलीची खरी रीत म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना सुकताना रंग आत धरून ठेवतो. पण रोज जेवढा गिलावा ओला तेवढेच काम, तेही भराभर आणि पहिल्या हातातच बरोबर. लिओनार्दोचा स्वभाव याच्या नेमका उलट. तो एक रेघ मारून अर्धा दिवस बघत बसणारा. त्याला तेल हवे होते, कारण तेल वाट पाहते. मिलानच्या 'शेवटच्या भोजना'त त्याने कोरड्या भिंतीवर काम केले होते आणि ते चित्र त्याच्या हयातीतच ढासळू लागले. तरी फ्लॉरेन्समध्ये त्याने पुन्हा भिंतीवर तेलरंगाचाच घाट घातला. ६ जून १५०५ रोजी रंगाचा पहिला हात लावायच्या वेळी काय घडले हे त्यानेच लिहून ठेवले आहे: हवा बिघडली, घंटा वाजू लागली, आराखड्याचा कागद फाटला, पाण्याचे भांडे सांडले, आणि संध्याकाळपर्यंत मुसळधार पाऊस पडला. त्याची ही वही माद्रिदच्या ग्रंथालयात हरवल्यासारखी पडून होती. १९६० नंतरच्या दशकात ती पुन्हा हाती लागली.

पुढचे सोळाव्या शतकातल्या चरित्रकारांनी सांगितले आहे. एकाने लिहिले की रंग वाळावा म्हणून त्याने भिंतीजवळ कोळशांचा मोठा विस्तव पेटवला. खालचा भाग वाळला, वर आच पोचली नाही आणि रंग ओघळला. दुसऱ्याच्या मते गिलाव्याने तेल नीट धरलेच नाही. वसारी म्हणतो, भिंतीला दिलेला अस्तराचा लेपच जाड आणि चुकीचा होता.

आमच्याकडे पावसाळ्यात एका मुलाने कॅनव्हास शेगडीजवळ टेकवून ठेवला होता. तेव्हा सरांनी ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा सांगितली. तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही, हे नवशिक्याच्या गळी उतरवणे फार कठीण. अळशीचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होत जाते. तो त्याच्या गतीनेच शोषणार. बाहेरून आच दिली की वर साय धरते आणि आत ओलेच राहते. बेळगावचा आषाढ-श्रावण तर विचारूच नका. उन्हाळ्यात चार दिवसांत वाळणारा थर दोन-दोन आठवडे बोटाला चिकटतो. सरांचे सूत्र होते: खाली कोरडं, वर तेलकट. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, तेल जवळजवळ नाहीच. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढवायचे. उलट केले की वरचा थर आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो, आणि चित्राला भेगा जातात.

कॅनव्हास विकत आणण्याइतके पैसे कुणाकडे नव्हते. जाड मांजरपाट सुताराने केलेल्या चौकटीवर मधल्या खिळ्यापासून कोपऱ्यांकडे ताणत जायचे, त्यावर सरसाचा हात, तो वाळला की सरस आणि खडूची पूड यांचे दोन हात, आणि मग पॉलिश पेपर. मग छापील चित्रावर आणि कापडावर सारख्याच चौकटी पाडायच्या. या चौकटी पाडण्याला काही लोक नाके मुरडतात. मला मात्र त्यातून चित्राची रचना जेवढी कळली तेवढी एखाद्या व्याख्यानातून कळली नसती. चौकटीत एकेक तुकडा पाहताना लक्षात येते की डावीकडच्या स्वाराचे धड कुठे संपते आणि घोड्याची मान कुठे सुरू होते, हे सांगताच येत नाही. माणूस आणि जनावर मिळून एकच प्राणी होतो. समोरासमोरच्या दोन घोड्यांचे पुढचे पाय एकमेकांत अडकलेले आहेत आणि ते दातांनी लढत आहेत. वसारीने हे नेमके टिपले आहे: राग आणि सूड माणसांत आहे तेवढाच घोड्यांत आहे. खाली जमिनीवर दोघे जण वरच्या लढाईशी काही संबंध नसल्यासारखे एकमेकांच्या उरावर आहेत, आणि एक जण ढालीखाली आक्रसून बसला आहे. मला वाटते त्या अख्ख्या चित्रात शहाणा तेवढाच.

मग एकरंगी चित्र. कच्चा अंबर, काळा आणि पांढरा, ज्याला पेंटर लोक सफेदा म्हणतात, एवढ्या तिघांत सगळा उजेड-अंधार बसवायचा. रंगाला हात लावायचा नाही. युरोपात ही फार जुनी रीत आहे. सरांनी हा कागद का निवडला ते इथे कळले. मूळच रंगहीन, म्हणून विद्यार्थ्याला रंगाच्या मोहात पडायची सोयच नाही. तीन महिने मी फक्त करड्या रंगांत होतो.

हा कागद रूबेन्सच्या नावाचा कसा? पीटर पॉल रूबेन्स फ्लेमिश; जन्म १५७७. मांतुआच्या ड्यूकच्या पदरी तो १६०० ते १६०८ इटलीत होता. पण मूळ चित्र पाहायला तो उशिरा आला. १५१२ मध्ये मेदिची परतले, त्या दिवाणखान्यात शिपायांच्या बराकी झाल्या, आणि १५६३ पासून वसारीने कोसिमो ड्यूकच्या हुकमाने तो सगळा नव्याने सजवायला घेतला. नव्या भिंतींवर मेदिचींच्या विजयांची चित्रे आली. म्हणजे रूबेन्सने लिओनार्दोची भिंत पाहिलेलीच नाही. लूव्हर संग्रहालयातले ते रेखाटन, साधारण ४५ सेंटिमीटर उंच आणि ६४ सेंटिमीटर रुंद, खालून कुणा अनाम इटालियन माणसाने केलेली नक्कल आहे. रूबेन्सने तिच्यावर शाई, राखाडी रंग आणि पांढरा चढवून ती जागी केली. नकलेवर नक्कल. मी करत होतो ती तिसरी, आणि छापखान्याची धरली तर चौथी.

पण रूबेन्सला त्यातून काय मिळाले पाहा. पुढे १६१५ च्या सुमारास त्याने शिकारीची मोठी चित्रे रंगवली. त्यातले पाणघोडा आणि मगर यांच्या शिकारीचे म्युनिकमध्ये आहे. त्यात घोडे, माणसे, जनावरे तशीच एका गाठीत आवळलेली आहेत. आपल्याकडे नक्कल म्हटले की टवाळीचा वास येतो. चितार्‍यांच्या धंद्यात ती शिकण्याची सगळ्यात जुनी वाट आहे, आणि या दोन भिंतींइतके तिचे मोठे उदाहरण नाही. मायकेलअँजेलोने तर फक्त आराखडाच केला. नदीत अंघोळ करणारे शिपाई हाकाटी ऐकून धडपडत बाहेर येतात तो क्षण. त्या कागदावरून तरुण चितारी इतके शिकले की ठिकठिकाणी वाटला जाऊन, तुकडे तुकडे होऊन तो नाहीसाच झाला. त्याची पूर्ण कल्पना देणारी जी नक्कल उरली, ती आरिस्तोतिले दा सांगाल्लोची, १५४२ च्या सुमाराची. तीही एकरंगीच आहे. इंग्लंडमधल्या होकम हॉल या वाड्यात ती आहे.

रंग भरायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, कोणते? लिओनार्दोने लढाई कशी रंगवावी यावर या कामाच्या दहा-बारा वर्षे आधी एक टिपण लिहिले होते, त्याचा आधार घेतला. त्यात शौर्याचा शब्द नाही. सगळे धुळीबद्दल आहे. धूळ जड, म्हणून खाली बसते. तिचा सर्वांत बारीक भाग वर जाऊन हवेच्याच रंगाचा होतो. धूर आणि धूळ मिसळली की उजेडाच्या बाजूने वेगळी दिसते, आडबाजूने वेगळी. मेलेल्या माणसाला घोडा ओढत नेतो तेव्हा मातीत ओढल्याची खूण राहते. रक्त धुळीतून वाकडेतिकडे वाहते आणि तिचा चिखल होतो. या माणसाने रणांगण जवळून पाहिले असावे असे वाचताना वाटते. मी पिवळी माती, जळका अंबर आणि थोडा निळा यांच्या पातळ, पारदर्शक थरांनी ती धूळ चढवली. खालचा करडा त्यातून दिसत राहतो. तो दिसत राहिला तरच धूळ हवेत तरंगते, नाहीतर भिंतीला मातीचा लेप दिल्यासारखी दिसते.

चेहऱ्यांसाठी आणखी दोन छापील कागद मिळाले. बुडापेस्टच्या संग्रहालयात लिओनार्दोच्या स्वतःच्या हातची डोक्यांची रेखाटने आहेत. हा मात्र अस्सल ऐवज. एकात म्हातारा सेनापती तोंड वासून ओरडतो आहे. रूबेन्सच्या कागदावर तोच चेहरा नुसता क्रूर दिसतो. लिओनार्दोच्या खडूत त्या कपाळाच्या आठ्यांत श्रम आहेत, वय आहे, आणि थोडी भीतीसुद्धा आहे. मी तोच चेहरा घेतला.

आता गंमत अशी, की हा ओरडणारा माणूस, ज्याच्याकडे डोळा आधी जातो, तो शत्रूचा. तोच पिच्चिनीनो, आणि त्याच्या डावीकडचा, काठी पाठीमागून ओढून धरणारा, त्याचा मुलगा फ्रांचेस्को. फ्लॉरेन्सचे लोक उजवीकडचे दोघे. हे अभ्यासकांनी कवचांवरच्या चिन्हांवरून आणि जुन्या वर्णनांवरून ठरवले. चेहऱ्यांवरून नव्हे, कारण चौघांच्या चेहऱ्यांवर एकच गोष्ट आहे. माझे चित्र घरी टांगले तेव्हा आलेला-गेलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारी: यातले आपले कोण? शेजारचे कन्नड मास्तरही तेच विचारत आणि आमचे मामाही. मामा १९५६ च्या नोव्हेंबरपासून निशाण, पाटी आणि सीमा या विषयांवर तासन्‌तास बोलत आलेले. ते त्या काठीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आणि झेंडा कुणाचा?" रूबेन्सच्या कागदात रंग नाही, त्यामुळे त्या निशाणाचा रंग त्यावरून ठरवता येत नाही. माझ्या नकलेत मी ते कापड करडेच ठेवले आहे.

मॅकियाव्हेलीचे राहिले. प्रजासत्ताक बुडाले, त्याची नोकरी गेली, आणि मग त्याने फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिला. तो १५२५ साली पोपला सादर केला. त्यात तो म्हणतो की आंगियारीच्या एवढ्या मोठ्या लढाईत मेला तो एकच माणूस, आणि तोही तलवारीने नव्हे. घोड्यावरून पडून तुडवला गेला. हे खरे नाही. लढाईच्या काळातल्या लेखकांनी याहून कितीतरी जास्त माणसे मेल्याचे नोंदले आहे. मॅकियाव्हेलीला भाडोत्री सैन्याचा तिटकारा होता. नागरिकांचीच फौज हवी म्हणून तो आयुष्यभर भांडला, १५०६ मध्ये ती उभीही केली. भाडोत्री लोक खोटेखोटे लढतात हे दाखवायला त्याला एकच मुडदा सोयीचा होता. आपल्या बखरकारांना लाखांचे आकडे सोयीचे असत, त्याला एकाचा. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचाच, आणि बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर विसंबा असा आग्रह धरला, त्यामागे हाच अनुभव आहे. पण आंगियारीबाबत विचित्र प्रकार असा की ज्याच्याकडे इतिहासाचे काम होते त्याने माणसे पुसून टाकली, आणि ज्याला विजयोत्सवाचे चित्र काढायला सांगितले होते त्याने ती दाखवली.

ते चित्र अजून भिंतीत आहे का? वसारीने त्याच दिवाणखान्यात मार्चानोची लढाई रंगवली, त्यातल्या एका हिरव्या निशाणावर 'चेर्का त्रोवा', म्हणजे शोधा आणि सापडेल, अशी बारीक अक्षरे आहेत. १९७० नंतर मौरिझिओ सेराचिनी या अभियंत्याच्या ती नजरेत आली आणि वसारीच्या भिंतीमागे लिओनार्दो असल्याची खूण म्हणून जगभर गाजली. काही अभ्यासक म्हणतात, तो फ्लॉरेन्सच्या बंडखोरांना मारलेला टोमणा आहे, दुसरे काही नाही. वसारीच्या चित्रात बारीक भोके पाडून आतला रंग तपासला, २०१२ च्या मार्चमध्ये काळा रंग मिळाल्याचे जाहीर झाले, कलेतिहासकारांनी ओरड केली आणि त्याच वर्षी काम थांबले. त्याच साली आणखी एक जुनी नक्कल, दोरिया घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी फळी, जपानच्या तोक्यो फुजी संग्रहालयाकडून इटलीला परत आली. मग २०२० मध्ये इटालियन अभ्यासकांच्या एका गटाने जाहीर केले की लिओनार्दोने भिंतीवर रंग लावलाच नाही; अस्तराचा लेपच फसला आणि काम तिथेच संपले. म्हणजे ज्याच्या नकलांवर रूबेन्स पोसला आणि मी हात बसवला, ते चित्र झालेच नव्हते.

मला हे पटत नाही. १५४९ साली दोनी नावाचा लेखक फ्लॉरेन्सला येणाऱ्या आपल्या मित्राला लिहितो की त्या मोठ्या दिवाणखान्यात जाऊन लिओनार्दोचे घोडे अवश्य पाहा. त्याही आधी, १५१३ च्या हिशेबात, लिओनार्दोने रंगवलेल्या भागाला संरक्षण म्हणून लाकडी आडोसा केल्याबद्दल सुताराला पैसे दिल्याची नोंद आहे. कोऱ्या भिंतीला फळ्या ठोकायला कुठलेही सरकार सुताराला पैसे देत नाही.